सोर्सवरून बिल्ड केलेले एनजिनएक्स-पीएचपी: तसेच चालू ठेवायचे की बाहेरचे रेपो जोडायचे?

नोडमास्तर

उबुंटू २२.०४ चा एक सर्व्हर सांभाळायला आला आहे. दोन कोअर, ४ जीबी रॅम. आधी ज्यांच्याकडे होता त्यांनी एनजिनएक्स (वेब सर्व्हर) १.२२ आणि पीएचपी ८.१.१४ हे दोन्ही सोर्सवरून कंपाइल करून '/यूएसआर/लोकल' मध्ये टाकले आहेत. एनजिनएक्समध्ये ब्रॉटली (पानं दाबून लहान करून पाठवणारं) मॉड्यूल आतच जोडलेलं आहे. 'एनजिनएक्स -व्ही' (कॅपिटल) चालवल्यावर '--विथ-ओपनएसएसएल' पुढे ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ च्या सोर्स फोल्डरचा पत्ता दिसतो. तो फोल्डर आता डिस्कवर नाही. बिल्डच्या नोंदी नाहीत, स्क्रिप्टही नाही.

वरचं अ‍ॅप्लिकेशन लाराव्हेलचं (पीएचपीचं फ्रेमवर्क) आहे आणि पुढच्या आवृत्तीला पीएचपी ८.३ लागणार आहे. पर्याय दिसतात ते असे: पुन्हा सोर्सवरूनच बिल्ड करणे, पीएचपीसाठी ओंद्रेज सुरी यांचा पीपीए (उबुंटूबाहेरचा, वैयक्तिक पॅकेजसाठा) आणि एनजिनएक्ससाठी एनजिनएक्स प्रकल्पाचाच अधिकृत रेपो (पॅकेजसाठा) जोडणे, किंवा सरळ २४.०४ वर नवा सर्व्हर उभा करणे. तिसरा पर्याय काही महिने तरी शक्य नाही.

आणखी एक कोडं आहे. शेलमध्ये 'पीएचपी -व्ही' विचारलं तर ८.१.१४ सांगतो, पण क्रॉनमधून (ठरल्या वेळी) चालणाऱ्या स्क्रिप्टच्या लॉगमध्ये ८.१.२ येतं. असं का?

---

पॅकेजपंत

कोड्याचं उत्तर आधी, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तुमच्या सर्व्हरवर दोन पीएचपी आहेत. ८.१.२ हे उबुंटूचं स्वतःचं पॅकेज आहे, कुणीतरी कधीतरी एपीटीने (उबुंटूचं पॅकेज बसवण्याचं साधन) टाकलेलं. शेलच्या पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) '/यूएसआर/लोकल/बिन' हे '/यूएसआर/बिन' च्या आधी येतं, म्हणून तुम्हाला हाताने बिल्ड केलेलं दिसतं. क्रॉनचा पाथ मात्र मुळात '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढाच असतो, त्यामुळे त्याला पॅकेजमधलं सापडतं. 'टाइप -ए पीएचपी' चालवा, दोन्ही ओळी दिसतील. कुठली फाइल पॅकेजची आणि कुठली हाताने टाकलेली हे 'डीपीकेजी -एस' (कॅपिटल) पुढे पूर्ण पाथ देऊन कळतं. पॅकेजची नसेल तर तो पाथ कुठल्याच पॅकेजमध्ये सापडला नाही असं उत्तर येतं.

अशा सावल्या आणखी दोन ठिकाणी शोधा. पहिली सिस्टमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारी यंत्रणा. '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम' मधली युनिट फाइल पॅकेजच्या त्याच नावाच्या युनिट फाइलला झाकून टाकते. उद्या तुम्ही एपीटीने एनजिनएक्स टाकलं, 'सिस्टमसीटीएल स्टार्ट' केलं आणि हिरवा दिवा लागला, तरी चालू झालेलं एनजिनएक्स जुनंच असू शकतं. 'सिस्टमसीटीएल कॅट एनजिनएक्स' च्या पहिल्या ओळीत कुठली फाइल वाचली ते येतं. दुसरी जागा '/यूएसआर/लोकल/लिब'. तिथे जुनी लिबकर्ल किंवा लिबएसएसएल पडून असेल तर सिस्टमचे प्रोग्रामसुद्धा तीच उचलतात आणि 'नो व्हर्जन इन्फर्मेशन अव्हेलेबल' असा इशारा देत राहतात. 'एलडीकॉन्फिग -पी' च्या आउटपुटमध्ये '/यूएसआर/लोकल' शोधा.

आता तातडीची गोष्ट. '--विथ-ओपनएसएसएल' ला सोर्स फोल्डर दिला की ओपनएसएसएल एनजिनएक्सच्या बायनरीतच स्टॅटिक जोडली जाते. उबुंटूने ओपनएसएसएलचे कितीही पॅच पाठवले तरी ते या बायनरीपर्यंत पोहोचतच नाहीत. १.१.१ मालिकेचा सार्वजनिक सपोर्ट ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. म्हणजे पीएचपी ८.३ ची गरज नंतर बघितली तरी चालेल, पण हे एनजिनएक्स आधी हलवा.

माझं मत: एनजिनएक्स उबुंटूचंच वापरा, पीएचपी ओंद्रेज यांच्या पीपीएवरून घ्या, आणि ब्रॉटली हा एकच तुकडा डायनॅमिक मॉड्यूल म्हणून सोर्सवरून बनवा. एनजिनएक्सचा अधिकृत रेपो वाईट नाही, पण त्यातलं नवं काही तुम्हाला हवंय का? एचटीटीपी/३ हवं असेल तर हो, ते १.२५.० पासून आलं. नसेल तर २२.०४ मधलं १.१८.० पुरेसं आहे आणि त्याची सुरक्षेची बाजू उबुंटूची टीम बघते.

१.२२ वरून १.१८ वर म्हणजे मागे जाताना काही डायरेक्टिव्ह अडतील. 'एसएसएल_रिजेक्ट_हँडशेक' आणि 'एसएसएल_कॉन्फ_कमांड' हे १.१९.४ मध्ये आले, 'प्रॉक्सी_कुकी_फ्लॅग्ज' १.१९.३ मध्ये. कॉन्फिगमध्ये हे असतील तर 'एनजिनएक्स -टी' 'अननोन डायरेक्टिव्ह' म्हणून ओरडेल. आधी ग्रेप करून बघा.

हलवण्याचा क्रम असा ठेवा. सर्व्हरची प्रत काढून आधी तिच्यावर करा. 'एनजिनएक्स -व्ही' चं आउटपुट, 'पीएचपी -एम' ची यादी आणि '/यूएसआर/लोकल/एनजिनएक्स/कॉन्फ' फोल्डर बाजूला ठेवा. मग जुनी सेवा थांबवा, डिसेबल करा, तिची युनिट फाइल '/ईटीसी' मधून काढा, 'डेमन-रीलोड' करा आणि त्यानंतरच पॅकेज टाका. जुनी 'एनजिनएक्स.कॉन्फ' जशीच्या तशी '/ईटीसी/एनजिनएक्स' मध्ये चिकटवू नका, फक्त सर्व्हर ब्लॉक उचला. जुन्या फाइलमध्ये पीआयडी फाइलचा पत्ता वेगळा असतो. उबुंटूची युनिट फाइल '/रन/एनजिनएक्स.पीआयडी' ची वाट बघत बसते, दीडेक मिनिटाने टाइमआउट होते आणि सिस्टमडी सेवा फेल झाली म्हणतो. एनजिनएक्स तोवर व्यवस्थित चाललेलं असतं, म्हणून हा दोष शोधायला वेळ जातो.

पीएचपीसाठी 'एपीटी इन्स्टॉल पीएचपी' असं नुसतं कधीही लिहू नका. ते मेटापॅकेज आहे. पीपीए जोडलेला असताना ते त्यातली सगळ्यात नवी आवृत्ती ओढतं आणि वर अपाचेचं मॉड्यूल, म्हणजे पर्यायाने अख्खं अपाचे, सोबत आणतं. मग ८० नंबरच्या पोर्टवरून मारामारी. आवृत्तीसकट नावं द्या: 'पीएचपी८.३-एफपीएम' (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा), 'पीएचपी८.३-सीएलआय', आणि त्याच धर्तीवर मायएसक्यूएल, एमबीस्ट्रिंग, एक्सएमएल, कर्ल, झिप, इन्टल, जीडी, बीसीमॅथ, ऑपकॅश. जुन्या 'पीएचपी -एम' च्या यादीशी ताडून बघा.

ओंद्रेज सुरी हे डेबियनमध्ये पीएचपीचं पॅकेजिंग करणारेच आहेत, त्यामुळे फाइलींची मांडणी उबुंटूसारखीच मिळते. ८.१ आणि ८.३ शेजारी शेजारी नांदतात. सॉकेट वेगळे, सेवा वेगळ्या, पीएचपी.आयएनआय वेगळ्या. एक साइट नव्या सॉकेटवर वळवली, बिघडलं तर एनजिनएक्समधली एक ओळ मागे फिरवली की झालं. सोर्सवरून बिल्ड करून हीच सोय उभी करायची तर प्रत्येक आवृत्तीचा प्रीफिक्स, पूल आणि युनिट फाइल स्वतः लिहावी लागते.

---

शेलधारी

पंतांशी बहुतेक बाबतीत सहमत, पण पीपीए म्हणजे फुकटचं जेवण नाही. पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्ट रूट म्हणून चालतात. म्हणजे रेपो जोडणं हे त्या माणसाला रूटची किल्ली देणंच आहे. शिवाय हा पीपीए फक्त पीएचपी आणत नाही. पीसीआरई२, लिबझिप अशा लायब्ररींच्याही नव्या आवृत्त्या त्यातून येतात आणि त्या सिस्टमच्या लायब्ररींची जागा घेतात. पीसीआरई२ तर पीएचपीव्यतिरिक्त इतरही बरेच प्रोग्राम वापरतात. बसवलेल्या पॅकेजच्या यादीत आवृत्तीमध्ये 'सुरी' शोधा, काय काय बदललं ते दिसेल. परत फिरायचं असेल तर 'पीपीए-पर्ज' आहे, पण ते आधी प्रतीवर चालवून बघा.

सोर्सला सरसकट नावं ठेवू नयेत. डिस्ट्रोमध्ये नसलेला पॅच लागतो, किंवा एखादा पर्याय कंपाइल करतानाच ठरवावा लागतो, तेव्हा दुसरा मार्ग नसतो. करायचंच असेल तर निदान हे पाळा.

'/यूएसआर/लोकल' मध्ये थेट टाकू नका. प्रीफिक्स आवृत्तीसकट द्या, '/ऑप्ट/पीएचपी/८.३.x' असा, आणि 'करंट' नावाची सिमलिंक (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) त्याकडे वळवा. नवी आवृत्ती शेजारी बिल्ड करायची, सिमलिंक फिरवायची, एफपीएम रीस्टार्ट. मागे जाणंही तेवढंच सोपं. जुनी काढायची तर एक फोल्डर उडवला की झालं. याउलट '/यूएसआर/लोकल' मध्ये मिसळलेल्या फाइली नंतर वेचत बसावं लागतं.

कॉन्फिगरची कमांड एका स्क्रिप्टमध्ये आणि ती स्क्रिप्ट गिटमध्ये. नोडमास्तरांची अर्धी डोकेदुखी या एका फाइलच्या अभावाची आहे.

पीएचपीचा कॉन्फिगर कुठे अडतो? ७.४ पासून ओनिगुरुमा सोर्ससोबत येत नाही, त्यामुळे एमबीस्ट्रिंग चालू केलं की 'लिबओनिग-डेव्ह' लागतं. झिपसाठी 'लिबझिप-डेव्ह', आणि एफपीएमला सिस्टमडीशी बोलायचं असेल तर '--विथ-एफपीएम-सिस्टमडी' सोबत 'लिबसिस्टमडी-डेव्ह'. १ जीबी रॅमच्या मशीनवर मेक मध्येच मरतो आणि 'किल्ड' एवढाच शब्द उरतो. फाइलइन्फो एक्स्टेन्शनची एक फाइल प्रचंड मोठी आहे, बहुतेक वेळा तिथेच मेमरी संपते. '-जे' पुढचा आकडा १ करा किंवा तात्पुरती २ जीबी स्वॅप द्या. फाइलइन्फो बंद करून पळवाट काढू नका, लाराव्हेलला ते लागतं.

'मेक इन्स्टॉल' पीएचपी.आयएनआय बसवत नाही. सोर्स फोल्डरमधली 'प्रॉडक्शन' वाली फाइल स्वतः कॉपी करावी लागते. ऑपकॅशही ८.३ मध्ये आपोआप चालू होत नाही, 'झेंड_एक्स्टेन्शन=ऑपकॅश' ही ओळ लिहावी लागते. ही राहिली की साइट चालते, पण संथ, आणि मग दोष डेटाबेसला दिला जातो.

कुणी ७.४ किंवा ८.० बिल्ड करायला २२.०४ वर जाणार असेल तर थांबा. ओपनएसएसएल ३ शी त्या आवृत्त्या जुळत नाहीत. 'आरएसए_एसएसएलव्ही२३_पॅडिंग' डिक्लेअर नाही, या एररवर कंपाइल थांबतो. ८.१ पासून ही अडचण नाही.

---

नोडमास्तर

दोघांचेही आभार. '/यूएसआर/लोकल/लिब' मध्ये खरंच जुनी लिबकर्ल सापडली. एनजिनएक्स उबुंटूचं घेतो. दोन प्रश्न उरले. ब्रॉटलीचं मॉड्यूल नेमकं कसं बनवायचं, आणि एनजिनएक्स अपडेट झालं की ते मोडणार नाही का? दुसरं, पीपीएची पॅकेजेस आपोआप अपडेट होतील ना? 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू आहे.

---

पॅकेजपंत

दुसऱ्याचं उत्तर: नाही होणार. अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात उबुंटूच्या स्वतःच्या रेपोंपुरतंच मर्यादित असतं. पीपीए जोडला, सगळं ऑटोमॅटिक आहे असं समजून सोडून दिलं, की पीएचपी त्या दिवशीच्या आवृत्तीवर गोठतं. मग सोर्सवरून बिल्ड केलेल्यात आणि त्यात फरक काय राहिला? 'एपीटी-कॅशे पॉलिसी' चं आउटपुट बघा. पीपीएच्या ओळीखाली 'ओ=' पुढे जे नाव असतं ते उचला, त्यापुढे कोलन आणि डिस्ट्रोचं कोडनेम जोडून '५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' या फाइलीतल्या 'अलाउड-ओरिजिन्स' मध्ये एक ओळ वाढवा. नंतर 'ड्राय-रन' आणि 'डीबग' देऊन एकदा चालवा, पीपीए यादीत दिसायला हवा.

ब्रॉटली. सोर्सेस लिस्टमध्ये डेब-एसआरसी ओळी मुळात बंद असतात, त्या उघडा. 'एपीटी बिल्ड-डेप एनजिनएक्स' ने लागणारी डेव्ह पॅकेजेस येतात, 'एपीटी सोर्स एनजिनएक्स' ने उबुंटूचे पॅच लावलेला सोर्स. हे काम प्रॉडक्शनवर नको, त्याच २२.०४ च्या वेगळ्या मशीनवर किंवा कंटेनरमध्ये करा. गूगलचं एनजीएक्स_ब्रॉटली रेपो क्लोन करताना 'रिकर्स-सबमॉड्यूल्स' विसरू नका, नाहीतर कॉन्फिगर सबमॉड्यूल नाहीत म्हणून थांबेल. आतल्या 'डेप्स/ब्रॉटली' मध्ये जाऊन सीमेकने ब्रॉटलीची लायब्ररी आधी बनवून घ्या.

मग 'एनजिनएक्स -व्ही' मधले पर्याय कॉपी करून कॉन्फिगरला द्यायचे, पण त्यातले '--अ‍ॅड-डायनॅमिक-मॉड्यूल' वाले सगळे काढून. ते पत्ते उबुंटूच्या बिल्ड मशीनवरचे आहेत, तुमच्याकडे ते फोल्डर नाहीत. '--विथ-कॉम्पॅट' राहू द्या, त्याच्याशिवाय 'नॉट बायनरी कॉम्पॅटिबल' येईल. शेवटी तुमचं एकच '--अ‍ॅड-डायनॅमिक-मॉड्यूल' जोडा. 'मेक मॉड्यूल्स' झालं की 'ऑब्जेस' फोल्डरमध्ये दोन '.एसओ' फाइली मिळतील, फिल्टर आणि स्टॅटिक. त्या '/यूएसआर/लिब/एनजिनएक्स/मॉड्यूल्स' मध्ये टाका आणि 'लोड_मॉड्यूल' च्या ओळी 'मॉड्यूल्स-एनेबल्ड' मधल्या फाइलीत लिहा. सर्व्हर ब्लॉकच्या फाइलीत लिहिल्या तर चालणार नाहीत, त्या इव्हेंट्स ब्लॉकच्या आधी वाचल्या गेल्या पाहिजेत.

कॉम्प्रेशनची पातळी ० ते ११ असते. चालत्या रिस्पॉन्सना ४ ते ६ ठेवा. ११ फक्त आधीच दाबून ठेवलेल्या सीएसएस-जेएस फाइलींसाठी, नाहीतर दोन कोअरचा जीव जाईल.

मोडणार का? एनजिनएक्स लोड करताना मॉड्यूलमधला आवृत्तीचा आकडा स्वतःशी ताडतं. उबुंटू २२.०४ मध्ये सुरक्षेचे पॅच येतात पण आकडा १.१८.० च राहतो, म्हणून मॉड्यूल चालत राहतं. अधिकृत रेपो घेतला असता तर दर आवृत्तीला मॉड्यूल नव्याने बनवावं लागलं असतं. आणि तिथे त्रास लगेच दिसेलच असं नाही: जुनी प्रोसेस चालू राहू शकते, आणि रीबूटनंतर एनजिनएक्स 'मॉड्यूलची आवृत्ती ही नसून ती हवी' म्हणत उठतच नाही. उबुंटूचं पॅकेज निवडण्यामागे हे मोठं कारण आहे.

अख्खं एनजिनएक्सचं डेब नव्याने बांधून त्यात ब्रॉटली घालण्याच्या फंदात पडू नका. तुमच्या आवृत्तीला '+लोकल१' जोडलं तर पुढच्या सुरक्षा अपडेटचा आकडा त्याहून मोठा ठरतो आणि एपीटी गुपचूप तुमचं डेब काढून उबुंटूचं बसवतं. ब्रॉटली गायब, 'एनजिनएक्स -टी' लाल. ते टाळायला होल्ड केलं तर सुरक्षेचे पॅच थांबतात.

---

लालटोपी

कुणी आल्मा किंवा रॉकीवर (रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर) हे वाचत असेल तर तिथलं थोडक्यात. पीएचपीसाठी रेमी कोलेट यांचा रेपो. आधी ईपेल (जादा पॅकेजेसचा रेपो) लागतं, आणि आवृत्ती ९ वर ईपेलसाठी सीआरबी हा रेपो चालू करावा लागतो (८ वर त्याचं नाव पॉवरटूल्स). 'डीएनएफ मॉड्यूल रीसेट पीएचपी' करून (डीएनएफ म्हणजे तिथलं एपीटी) मग 'रेमी-८.३' ही स्ट्रीम एनेबल करा. रीसेट न करता गेलात तर आधीची स्ट्रीम अडवते. सिस्टमच्या पीएचपीला हात लावायचा नसेल तर रेमींची 'पीएचपी८३' ने सुरू होणारी पॅकेजेस घ्या, ती '/ऑप्ट/रेमी' मध्ये वेगळी बसतात.

रेपोंच्या प्राधान्याचा हिशोब दोन्हीकडे उलटा आहे, त्यात भले भले चुकतात. डीएनएफमध्ये प्रायोरिटीचा आकडा लहान तितका वरचढ, मुळात ९९. एपीटीमध्ये पिन-प्रायोरिटी मोठी तितकी वरचढ, मुळात ५००, आणि १००० च्या पुढे गेलात तर पॅकेज मागच्या आवृत्तीवरसुद्धा ढकललं जातं.

सोर्सवरून '/ऑप्ट' मध्ये टाकलेल्या बायनरींना एसईलिनक्सची (लेबल बघून परवानगी देणारी सुरक्षा यंत्रणा) योग्य लेबलं मिळत नाहीत. पॅकेजमधून आलेल्यांना मिळतात. एसईलिनक्स बंद करून सुटका करून घेणारे पुष्कळ दिसतात, तो उपाय नव्हे.

---

शेलधारी

एपीटीच्या पिनिंगबद्दल एक भर. एनजिनएक्सचा अधिकृत रेपो जोडणाऱ्यांनी त्याला ९०० ची पिन द्यावी, त्यांच्याच सूचनांमध्ये ती आहे. ओंद्रेज यांच्या पीपीएवर मात्र 'सगळं १००, फक्त पीएचपी ५००' असली कडक पिन लावू नका. पीएचपीला लागणाऱ्या नव्या लायब्ररी त्याच पीपीएत आहेत, त्या अडल्या की 'अनमेट डिपेन्डन्सीज' चा डोंगर उभा राहतो.

अधिकृत रेपोचं एनजिनएक्स 'एनजिनएक्स' या युजरने चालतं, उबुंटूचं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' ने. एफपीएमचं सॉकेट याच दुसऱ्याच्या मालकीचं, परवानगी ०६६०. म्हणून रेपो बदलला की लगेच ५०२ एरर, आणि एरर लॉगमध्ये '१३: परमिशन डिनाइड'. एनजिनएक्स युजरला त्या ग्रुपमध्ये घाला आणि एनजिनएक्स रीस्टार्ट करा. ०६६६ नको.

चावीही नीट ठेवा. रेपोची जीपीजी की (सही तपासायची चावी) '/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज' मध्ये आणि सोर्सच्या ओळीत 'साइन्ड-बाय'. 'एपीटी-की' ने किंवा 'ट्रस्टेड.जीपीजी.डी' मध्ये टाकलेली की सगळ्याच रेपोंसाठी ग्राह्य धरली जाते. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांमध्ये अजून तीच पद्धत आहे.

---

ऑडिटवाली

हे सगळं झाल्यावर एक फोन नक्की येणार, तो सुरक्षा स्कॅनचा. स्कॅनर बाहेरून 'एनजिनएक्स/१.१८.०' हा बॅनर वाचतो आणि सीव्हीई-२०२१-२३०१७ (सुरक्षा दोषाचा नोंद क्रमांक) लाल करून ठेवतो, कारण मूळ प्रकल्पाने तो दोष १.२०.१ मध्ये काढला. उबुंटूने तोच पॅच १.१८.० मध्ये बॅकपोर्ट केलेला (जुन्या आवृत्तीत आणून लावलेला) आहे. तेव्हा घाबरून सोर्सवरून नवं बिल्ड करू नका. 'एपीटी चेंजलॉग एनजिनएक्स' च्या आउटपुटमध्ये सीव्हीईचा आकडा ग्रेप करा, ती ओळ आणि पॅकेजची पूर्ण आवृत्ती पुरावा म्हणून अहवालाला जोडा. स्कॅन सर्व्हरवर लॉगिन करून चालवला तर असे खोटे इशारे बरेच कमी होतात. 'सर्व्हर_टोकन्स ऑफ' ने आकडा लपतो, पण पुरावा द्यायचा तो द्यावाच लागतो.

पीएचपीबाबत उलट परिस्थिती आहे. पीपीए मूळ प्रकल्पाच्या आवृत्त्यांसोबत चालतो, म्हणून त्यांच्या सपोर्टच्या मुदती पाठ हव्यात: ८.१ ची ३१ डिसेंबर २०२५ ला संपली, ८.२ ची ३१ डिसेंबर २०२६, ८.३ ची ३१ डिसेंबर २०२७. उबुंटूचं स्वतःचं ८.१.२ मात्र २२.०४ चा सपोर्ट आहे तोवर पॅच होत राहतं. ज्यांना ८.१ वरच थांबायचं आहे त्यांनी पीपीए न जोडणंच शहाणपणाचं.

'रेपोत सुद्धा घुसखोरी होते, त्यापेक्षा सोर्स बरा' असं ऐकू येतं. मार्च २०२४ चं एक्सझेड (फाइली दाबण्याचं साधन) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ मधला मागचा दरवाजा रिलीजच्या टारबॉलमध्ये होता, त्याला चालना देणारी एम४ फाइल गिटमध्ये नव्हतीच. तो डेबियनच्या सिड या अस्थिर आवृत्तीपर्यंत आणि फेडोराच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोहोचला, स्थिर आवृत्त्यांपर्यंत नाही. टारबॉल उतरवून बिल्ड करणाऱ्याने निदान सही तरी तपासावी. पण त्या टारबॉलवरची सहीसुद्धा त्या प्रकल्पाच्या आतल्याच माणसाची होती, तेव्हा सही तपासली म्हणजे सगळं तपासलं असं नाही.

---

पॅकेजपंत

नोडमास्तर, २४.०४ वर जाल तेव्हासाठी लिहून ठेवा. 'डू-रिलीज-अपग्रेड' बाहेरचे सगळे रेपो बंद करतं आणि नंतर स्वतःहून उघडत नाही. २४.०४ चं स्वतःचं पीएचपी ८.३ च आहे, त्यामुळे तेव्हा पीपीए परत न जोडताही चालेल. फक्त अपग्रेडआधी 'पीपीए-पर्ज' करू नका. त्याने २२.०४ वरच ८.३ निघून जाईल आणि साइट मध्येच बसेल. अपग्रेडनंतर 'एपीटी पॉलिसी पीएचपी८.३-एफपीएम' बघा. पीपीएचा आकडा उबुंटूपेक्षा मोठा असेल तर एपीटी आपणहून खाली उतरवणार नाही, आवृत्ती नावासकट देऊन उतरवावं लागेल, आणि पीसीआरई२ वगैरे लायब्ररींचंही तेच. ब्रॉटलीची जुनी '.एसओ' मात्र अपग्रेडच्या आधीच 'मॉड्यूल्स-एनेबल्ड' मधून काढा. २४.०४ मध्ये एनजिनएक्स १.२४ आहे, १.१८ साठीचं मॉड्यूल ते लोडच करणार नाही.